पाठशाळेची सहल, मत्स्यालय आणि जिवाणी



पाठशाळेच्या मुलांची सहल यंदा मुंबईला न्यायचं घाटतंय. यादीत बोरिवलीची त्रिमूर्ती आहे, गेटवे आहे, राणीच्या बागेतले पेंग्विन आहेत आणि शेवटी कुणीतरी 'मत्स्यालय' लिहून ठेवलंय. त्या एका शब्दावरून आमच्या महिला मंडळात अर्धा तास वाद झाला. तरुण आयांचं म्हणणं, मुलांना समुद्रातले जीव दाखवायला दुसरी जागा कुठे आहे? आमच्या एक आक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "कोंडलेले जीव बघायला तिकीट काढायचं, आणि वर पाठशाळेच्या पैशातून?" दोघींच्याही बोलण्यात दम होता, म्हणून निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीआधी माझं मत इथे मांडून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मासा हा आपल्याकडे कधीच 'मुका पदार्थ' नव्हता. तो पंचेंद्रिय तिर्यंच आहे, हे पाठशाळेतलं सात वर्षांचं पोरही सांगतं. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे. आपल्या परंपरेत अरनाथ भगवानांचं चिन्ह मासा, मुनिसुव्रतनाथांचं कासव आणि नेमिनाथांचं शंख. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांत मात्र माशाला वेदना होते की नाही यावर अगदी परवापरवापर्यंत वाद चालू होता. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले, तेव्हा कुठे बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलं. हे सांगताना मला फार फुशारकी मारायची नाही. त्यांना उशिरा कळलं, पण कळल्यावर त्यांनी काही नियम बदलले. आपल्याला आधीपासून माहीत आहे, आणि तरी आपल्यातल्या किती घरांत दिवाणखान्यात काचेची टाकी आहे! त्याबद्दल पुढे बोलते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. मारहाण, अवयव कापणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं हे चार आपण पटकन सांगतो. पण त्या यादीत सगळ्यात पहिला आहे तो 'बंध'. जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, रोज वेळेवर खायला घातलं, तरी त्याच्या इच्छेने जायची वाट बंद केली की व्रताला डाग लागला. आणि आपल्याकडे दोष फक्त करणाऱ्याला नसतो. कृत, कारित, अनुमोदना. टाकी बांधणारा एक, मासा पकडून आणायला सांगणारा दुसरा, आणि तिकीट काढून "किती छान!" म्हणणारे आपण तिसरे. आक्कांचा मुद्दा तोच होता, आणि शास्त्राच्या बाजूने त्याला उत्तर नाही.

मग विषय इथेच संपायला हवा होता. पण संपत नाही, कारण कोंडण्याचे प्रकार सगळे सारखे नाहीत, आणि हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? पांजरपोळालाही कुंपण असतं. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना आहे. तिथेही पिंजरे आहेत. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेलं कबूतर तिथे पिंजऱ्यात राहतं, बरं झालं की उडून जातं. त्या पिंजऱ्याला कुणी 'बंध' म्हणत नाही. फरक कशात आहे? मला वाटतं, तो फरक आपल्या स्वयंपाकघरातच शिकवला जातो.

पाणी गाळायचं आपण सगळ्या जाणतो. माझ्या सासूबाई पाणी गाळून झाल्यावर गाळणं उलटं धरून, गाळलेल्या पाण्याच्या धारेने हलकेच धुवून, ते पाणी परत विहिरीत सोडायच्या. तीच जिवाणी. आता नळाच्या पाण्यामुळे ती बहुतेक घरांतून गेली, पण तिचा नियम किती नेमका होता बघा. जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जायला हवी. नदीची जिवाणी विहिरीत चालत नाही, विहिरीची तळ्यात चालत नाही. आणि वरून ओतायची नाही, कडीच्या बादलीने पाण्यापर्यंत न्यायची. जीव वाचवायचा म्हणजे कुठेतरी जिवंत ठेवायचा एवढंच नाही. त्याला त्याच्या पाण्यात परत पोचवायचं.

मत्स्यालयाला मी हीच कसोटी लावते. इथल्या जीवाची परत जायची वाट आहे का?

आता आपल्या जवळच्या उदाहरणांपासून सुरू करू. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी लहानपणी पाहिलं असेल. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं, आणि देणगी देणाऱ्या पारशी गृहस्थांचं नाव त्याला मिळालं. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन तिथे काचेचा बोगदाही झाला. कोविडमध्ये दारं लागली आणि नंतर इमारतच धोकादायक ठरली. गंमत अशी की हे मत्स्यालय चालवायचा राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, म्हणजे मासेमारी वाढवणं हेच ज्याचं मुख्य काम तो विभाग! १९५१ साली त्यात कुणाला विसंगती वाटली नसेल. तेव्हा घरात टीव्ही नव्हता, समुद्राच्या आत काय आहे हे पाहायची सामान्य माणसाला दुसरी सोय नव्हती. त्या काळाला मी दोष देत नाही. पण तिथून एखादा मासा बरा होऊन समुद्रात परत गेला, असं काही तिथे घडत नव्हतं. ते दाखवायचं ठिकाण होतं, जपायचं नव्हतं. आता तेच पुन्हा बांधायचं म्हटलं तर निदान आपण तरी विचारलं पाहिजे की कशासाठी.

या टाक्यांतले मासे येतात कुठून, हे फार कमी जणी विचारतात. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत, टाक्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले मात्र अजूनही बहुतांशी प्रवाळातून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडे कित्येक वर्षं सायनाइडचं पाणी प्रवाळात फवारून मासे गुंगवून धरायची पद्धत चालली. त्यात पकडलेला मासा कदाचित जगतो, पण आजूबाजूचं प्रवाळ आणि त्यातले असंख्य लहान जीव मरतात. मुलांना 'फाइंडिंग निमो' आवडतो ना? त्यातला निमो हा नारिंगी-पांढरा मासा टाकीत पैदास होतो. पण त्याची ती निळी विसरभोळी मैत्रीण डोरी, तिच्या जातीची टाकीत पैदास करणं फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्यांदा जमलं २०१६ मध्ये. त्याआधी दुकानात किंवा मत्स्यालयात दिसणारी प्रत्येक डोरी समुद्रातून उचललेली होती. सिनेमा संपल्यावर मुलांनी "मला निमो हवा" म्हणून हट्ट धरला, आणि सिनेमाची गोष्ट मात्र होती मुलाला टाकीतून सोडवायला निघालेल्या बापाची!

आपल्या सह्याद्रीचंही एक उदाहरण आहे. केरळच्या आणि कर्नाटकातल्या काही डोंगराळ नद्यांत लाल पट्ट्याचा एक देखणा मासा असतो, त्याला व्यापारी 'मिस केरला' म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे, 'सह्याद्रिया डेनिसोनी'. परदेशातल्या टाक्यांसाठी तो इतका उपसला गेला की आता तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याला कुणी खाल्लं नाही. त्याला फक्त पाहण्यासाठी नेलं. आपण मांसाहार करत नाही म्हणून माशांच्या संहारात आपला हात नाही, असं समजून निश्चिंत बसणाऱ्यांसाठी हा मासा मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता पेंग्विन. यादीतलं सगळ्यांचं आवडतं नाव. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन भायखळ्याला आणले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. २०१७ मध्ये गार केलेली खोली लोकांसाठी उघडली आणि रांगा लागल्या. १५ ऑगस्ट २०१८ ला भारतातलं पहिलं पेंग्विन पिल्लू तिथे जन्मलं, त्याला म्हणाले 'फ्रीडम बेबी'. आठवड्याभरात ते गेलं. पुढे आणखी पिल्लं जन्मली आणि जगलीही, त्यांची काळजी घेणारी माणसं मनापासून काम करतात यात मला शंका नाही. पण त्या नावाने मला तेव्हाही कसंतरीच झालं होतं.

हंबोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे त्यांच्या अन्नाचे लहान मासे माणसांनी ओरबाडून काढले, आणि ज्या खतासारख्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत ते बिळं करून अंडी घालतात ते थरही खणून नेले. म्हणून त्यांची संख्या घटली. आता सांगा, भायखळ्यात जन्मलेलं पिल्लू यातलं काय सुधारतं? ते चिलीला कधी जाणार आहे का? 'संवर्धन' हा शब्द पाटीवर लिहिणं सोपं आहे. पिल्लं वाढली म्हणजे जात वाचली असं नाही, टाकीतली संख्या वाढली एवढंच. आणि मुलं तिथून काय घेऊन येतात? "आई, पेंग्विन एसीत राहतो." माझ्या भाचीने हेच वाक्य म्हटलं होतं. त्या पक्ष्याला माझ्या मनात पुरेशी जागा आहे, पण सहलीच्या यादीतून मी त्याला काढेन.

याच देशात २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रं उभारायला परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं. इतका बुद्धिमान, कळपाने राहणारा जीव टाकीत ठेवणं नैतिकदृष्ट्या योग्य नाही, अशी त्यामागची भूमिका होती. सरकारी कागदात इतकी आपल्या मनासारखी भाषा क्वचित वाचायला मिळते. डॉल्फिनला जे लागू, ते माशाला का नाही, हा प्रश्न मी तिथेच सोडते. पंचेंद्रिय दोघेही.

इतकं सगळं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल, मी सगळ्याच मत्स्यालयांच्या विरोधात आहे. तसं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरे बे नावाचं मत्स्यालय आहे, १९८४ मध्ये उघडलेलं. तिथे समुद्री पाणमांजरांवर जे काम झालं, ते वाचताना मला तो दिल्लीचा पक्ष्यांचा दवाखानाच आठवला. दाट मऊ केसांच्या कातडीसाठी माणसांनी या प्राण्यांची इतकी शिकार केली की त्या किनाऱ्यावरून ते संपलेच असं समजत होते. १९३८ मध्ये एका निर्जन किनाऱ्यापाशी जेमतेम पन्नासेक शिल्लक सापडले. आज तिथे आहेत ते सगळे त्यांचेच वंशज. वादळात आईपासून तुटलेली पिल्लं किनाऱ्यावर वाहून येतात. आईशिवाय त्यांना बुडी मारता येत नाही, शिंपला फोडता येत नाही, केस साफ ठेवता येत नाहीत, आणि केस मळले की थंडीने मरतात.

सुरुवातीला माणसं स्वतः त्यांना सांभाळायची, पण मग पिल्लं माणसांनाच चिकटायची. २००१ मध्ये तूला नावाची एक आजारी मादी तिथे आणली गेली. तिला फिट्स यायच्या, रोज औषध लागायचं, म्हणून ती पुन्हा समुद्रात जाणं शक्य नव्हतं. तिला मेलेलं पिल्लू झालं. त्याच सुमाराला एक अनाथ पिल्लू आलं होतं, ते तिच्याजवळ दिलं. तिने ते जवळ घेतलं आणि सगळं शिकवलं. पुढे २०१२ मध्ये मरेपर्यंत तिने अशी १३ पिल्लं वाढवली. तिच्यामुळे पद्धतच बदलली. आता परत न जाऊ शकणाऱ्या माद्या अनाथ पिल्लांच्या आया होतात. पिल्लांजवळ माणसाला जावंच लागलं तर तो काळा अंगरखा आणि चेहरा झाकणारा मुखवटा घालून जातो, म्हणजे पिल्लाला माणसाची सवय लागू नये. आणि मला सर्वात जास्त पटलेली गोष्ट ही, की जी पिल्लं समुद्रात परत जायची असतात ती प्रेक्षकांना दाखवत नाहीत. काचेसमोर असतात ती परत जाऊ न शकणारी. जवळच्या एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत अशी पिल्लं सोडली गेली. २००२ ते २०१६ या काळात तिथे पाणमांजरांची जी संख्या वाढली, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ही पिल्लं आणि त्यांची संतती यांच्यामुळे झाली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. याला जिवाणी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण थांबा. आक्का इथे गप्प बसणार नाहीत, हे मला माहीत आहे. पाणमांजर खातं काय? शिंपले, खेकडे, समुद्री साळू. रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा. एका तूलाला अकरा वर्षं जगवायला किती द्वींद्रिय, चतुरिंद्रिय जीव गेले असतील? समुद्रात ती स्वतः मारून खाते तेव्हा तो तिचा स्वभाव, तिचं कर्म. टाकीत माणूस आणून देतो तेव्हा तो त्याचा आरंभ. याच अडचणीमुळे दिल्लीच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात मांसाहारी पक्षी दाखल करून घेत नाहीत. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ घारींवर उपचार करू लागले ते यातूनच. जखमी घारीला दवाखान्यात जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी ती घरी नेली. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट जगभर गाजला. तो पाहताना मला आपल्या दवाखान्याचा राग आला नाही, आणि त्या भावांबद्दल आदरही कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहिलं.

माझं उत्तर कुणाला अपुरं वाटेल. मांसाहारी जीवाला आपण आपल्या हाताने खाऊ घालू शकत नाही, ही आपली मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आपण पाळावी. त्या खाद्यासाठी मी देणगी देणार नाही. पण म्हणून ते काम वाईट आहे असं म्हणायची माझी तयारी नाही, कारण ती पिल्लं अनाथ झाली यात माणसाचा हात आहे आणि घर परत मिळालं यातही माणसाचाच हात आहे. आपल्यापैकी कुणी त्यागी माताजींना याबद्दल विचारलं असेल तर मला जरूर सांगा, मला ऐकायचं आहे.

मुलांच्या आयांचा प्रश्न मात्र उरतोच. पाहिलं नाही तर प्रेम कसं वाटेल? यावर मी खूप विचार केला, कारण हाच त्यांचा सर्वात जोरदार मुद्दा आहे. पण आपली मुलं डायनासोरवर जीव टाकतात. त्यांच्या पाटीवर, दप्तरावर, बनियनवर डायनासोर असतो. एकाने तरी पाहिलाय का?

याहून मोठं उदाहरण गुजरातचं आहे. व्हेल शार्क म्हणजे जगातला सर्वात मोठा मासा, सहज चाळीस फूट लांब होतो, आणि स्वभावाने अगदी गरीब. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळच्या बाजूला त्याची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला कायद्याने वाघाइतकं संरक्षण मिळालं, पण कायद्याने जाळं थांबत नाही. मग २००४ पासून मोरारी बापूंनी तो विषय हाती घेतला. त्यांनी मच्छीमारांना सांगितलं, ही तुमच्या किनाऱ्यावर येते ती बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखी. लेकीला कुणी मारतं का? तिचं नावच पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. त्याच मच्छीमारांनी मग जाळ्यात अडकलेल्या व्हाली महागडी जाळी स्वतःच्या हाताने कापून सोडल्या, शेकड्यांनी. जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळते. यात टाकी कुठेच नाही. तिकडे अटलांटाच्या मोठ्या मत्स्यालयाने तैवानहून व्हेल शार्क विमानाने आणले. तैवानात त्यांची मांसासाठी शिकार व्हायची, म्हणजे एका अर्थी ते जीव सोडवलेच. पण सोडवून टाकीत ठेवले, आणि २००७ मध्ये त्यातले दोन मेले. कसायाकडून गाय सोडवून आणून आपण सर्कशीला दिली तर त्याला जीवदया म्हणू का?

आपल्या महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी योजना आहे. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर कांदळवन कक्षामार्फत पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. चार दानांत अभयदान सर्वश्रेष्ठ म्हणतो आपण. ते अभयदान आज एक कोळी बांधव, स्वतःचं जाळं आणि दिवसाची मिळकत घालवून देतो आहे. त्याचं कौतुक आपल्या एखाद्या पर्युषणाच्या कार्यक्रमात कधी झालेलं मी तरी पाहिलं नाही.

जीवदयेचा विषय निघालाच आहे तर घरातलंही बोलून घेते. वाढदिवसाला किंवा पर्वात दुकानातून मासे विकत आणून तलावात सोडायची पद्धत काही ठिकाणी दिसते. भावना चांगली, पण जिवाणीचा नियम इथे पार मोडतो. टाकी साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्या पाण्यात सोडला की वाढतच जातो आणि इथल्या माशांचं अन्न खातो. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर सापडत असल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव अमेरिकेतलं, तेही असंच तळ्यांत पसरतंय. आणि आपण दहा मासे विकत घेतले की दुकानदार पुढच्या खेपेला वीस मागवतो. ज्यांना सोडवलं त्यांच्या जागेवर दुसरे पकडले जातात.

वास्तूसाठी ठेवलेल्या टाकीबद्दल तर मला बोलायचीही लाज वाटते. आठ सोनेरी आणि एक काळा मासा, काळा मेला की घरावरचं संकट त्याने घेतलं म्हणे! सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरात एका पंचेंद्रिय जीवाला आपल्या बरकतीसाठी मरायला ठेवायचं? गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश वर्षभरात मेला तर मुलांना वाटतं त्याचं आयुष्यच तेवढं. नीट जागा मिळाली तर तो दहा-बारा वर्षं सहज जगतो. ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी ते मासे तलावात सोडू नयेत, मारूही नयेत. आहेत त्यांना मोठी टाकी आणि स्वच्छ पाणी द्यावं, ते असेपर्यंत नीट सांभाळावं, आणि नवे आणू नयेत.

तर सहलीबद्दल. बैठकीत मी सुचवणार आहे की मुंबईऐवजी रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊया. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची, कुत्री-कोल्हे खायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती अंडी त्याच किनाऱ्यावर कुंपणाच्या आत सुरक्षित पुरायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर आली की टोपलीतून वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण समुद्राकडे चालत जातात. कुंपण आहे, पण पन्नासेक दिवसांचं, आणि त्याचं दार समुद्राकडे उघडतं. २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पाठशाळेच्या भिंतीवर नकाशा लावून मुलांना तिचा रस्ता रंगवायला देता येईल.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचा काळ ठीक. पण पिल्लं रोज निघतीलच असं नसतं, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावं लागेल की कदाचित काहीच दिसणार नाही. गावात घरोघरी राहायची सोय आहे. शाकाहारी जेवण आणि कांदा-लसूण नको हे आधी कळवावं, गाळणं आपलं आपण न्यावं. पिल्लं सोडायची वेळ सकाळी आणि संध्याकाळी असते. संध्याकाळची वेळ आपल्या जेवणाच्या वेळेला आडवी येते, तेव्हा सकाळचीच धरूया. पहाटे उठायला मुलं कुरकुर करतील, त्यासाठी दोन आया जास्त लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी बैठकीआधी मला सांगा.